अव्रण राजा आणि डोंगरपोट्यांचा साज

एका राज्यात एक राजा होता. त्याच्या अंगावर एकही व्रण नव्हता, आणि या गोष्टीची त्याला लाज वाटत असे.

लोकांना मात्र तिचा अभिमान होता. राजा भाल्यांच्या गर्दीत शिरला होता, पेटत्या तटावरून चालला होता, पिसाळलेल्या हत्तीच्या पायाखाली आला होता, पण त्याला नखाएवढा ओरखडाही उमटला नव्हता. म्हणून लोकांनी कौतुकाने त्याला आणखी एक नावही दिले होते. आया लेकरांना न्हाऊ घालताना म्हणत, राजासारखी काया लाभो. भाट गात की देवांनी हे अंग सवडीने घडवले आहे. राजा सिंहासनावर बसून हे ऐके आणि टोपाच्या आत त्याचे कान तापत.

कारण खरे काय ते त्याला ठाऊक होते.

राज्याच्या उत्तरेला एक काळा डोंगर होता. त्याच्या पोटात एक बुटकी जात राहत असे. उंची माणसाच्या कमरेइतकी, खांदे मात्र दाराइतके रुंद. वरचे लोक त्यांना बुटके म्हणत, ते स्वतःला डोंगरपोटे म्हणवीत. लोखंड त्यांच्याशी बोले आणि ते लोखंडाशी बोलत. त्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक साज होता. साज चार नगांचा: टोप, कमरपट्टा, घण आणि चिलखत. टोप घालणाऱ्याला भय शिवत नसे. कमरपट्टा बांधणाऱ्याच्या अंगी शंभर जणांचे बळ येई. घण ज्याच्या हाती त्याच्यापुढे भिंत टिकत नसे. हे नग सुटे वापरले तर त्यांची जादू लवकर विझे. पण चिलखतासकट चारही एका अंगावर आले की साज जागा होई, आणि मग त्या अंगाला शस्त्र लागत नसे.

राजा तरुण असताना शत्रूने त्याच्या नगराला वेढा घातला. धान्य संपत आले, विहिरी आटत आल्या. तेव्हा राजा एकटा डोंगरावर गेला आणि साज उसना मागितला. डोंगरपोट्यांची मुखिया ऐरणाई नावाची लोहारीण होती. तिने साज त्याच्यासमोर आणून ठेवला, पण हात लावू दिला नाही.

"राजा, वार नाहीसा होत नसतो," ती म्हणाली. "तो कुठेतरी पडतोच. या लोखंडात आमच्या रक्ताचे थेंब आहेत. तुझ्यावर होणारा वार आमच्यापैकी कुणाच्या तरी अंगावर पडेल."

"मग तुम्ही तो देता कशाला?"

"तुझे नगर पडले तर शत्रू उद्या आमच्या दारी येईल. एका लढाईपुरते सोसू. दिवस मावळायच्या आत साज परत आण."

राजाने ऐरणीवर हात ठेवून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी वेढा फुटला. शत्रू पळाला. दिवस मावळला, आणि राजा साज घालून नगरात मिरवणुकीत फिरत होता.

परत करायचे त्याच्या मनात नव्हते असे नाही. आज मिरवणूक आहे, उद्या देऊ, असे त्याने ठरवले. उद्या दरबार भरला. मग पूर्वेकडून दुसरा शत्रू आला. मग राजाला साजाची सवय झाली, आणि सवय झाल्यावर त्याने स्वतःहून काही लढाया काढल्या. वार बसला की चिलखताच्या आतून एक कण्हणे ऐकू येई. ते इतके बारीक असे की रणवाद्यांच्या आवाजात बुडून जाई. राजाने रणवाद्ये वाढवली.

डोंगरपोट्यांनी आपला निरोप्या पाठवला. तो एक तांबट पक्षी होता. हिरव्या अंगाचा, तांबड्या कपाळाचा, माणसासारखा बोलणारा. तो तीनदा आला. पहिल्यांदा राजाने सांगितले, सुगी होऊ दे. दुसऱ्यांदा सांगितले, साज चोरीला गेला. हे सांगताना साज त्याच्या अंगावरच होता, वरून शाल पांघरलेली होती. पक्ष्याने शालीकडे पाहिले आणि तो उडून गेला. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा राजाने त्याला पिंजऱ्यात कोंडले. मग राजा घण घेऊन डोंगरावर गेला आणि डोंगरपोट्यांच्याच घणाने त्यांच्या दारावरचा कडा त्याने खाली पाडला. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. जंभक नावाच्या जादूगाराकडून त्याने त्या दगडांवर मंत्र घालून घेतला. कुणी एक दगड हलवला की त्याच्या जागी दोन उगवत.

दगडांच्या पलीकडून ऐरणाईचा आवाज आला. ती ओरडली नाही. "जे ठेवून घेतलेस," ती म्हणाली, "ते आता तुला सोडणार नाही."

त्या दिवसापासून टोप डोक्यावरून निघेना, कमरपट्टा सुटेना, चिलखत उतरेना, आणि घण उजव्या हाताच्या पंज्याला चिकटून राहिला. लोकांना वाटले राजाने सदा सज्ज राहण्याचे व्रत घेतले आहे. त्याचेही गाणे झाले. पण साज अंगावर असताना वारा लागत नाही, पाणी लागत नाही, माणसाचा हातही लागत नाही. राणी बाळंतपणात वारली, तेव्हा राजाला तिच्या कपाळावर हात ठेवता आला नाही. लेक झाली तिचे नाव मंजुघोषा ठेवले. तिला त्याने कधी उचलून घेतले नाही. घणाच्या हाताने लेकरू उचलता येत नाही.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती सर्वांत वाईट होती. लोकांनी राजाच्या सन्मानार्थ एक उत्सव सुरू केला होता. त्याला वारपूजा म्हणत. दरवर्षी राजा चौथऱ्यावर उभा राही आणि सैनिक, पैलवान, तरुण पोरे, ज्याला वाटेल तो येऊन राजावर तलवारीचा वार करी. तलवार चिलखतावर आपटून बोथट होई आणि लोक टाळ्या वाजवत. सर्वांत जोराचा वार करणाऱ्याला सोन्याचे कडे मिळे. राजाला नको म्हणता आले असते. पण का नको, हे सांगावे लागले असते. म्हणून तो उभा राही. आतून येणारे कण्हणे आधी दणकट पुरुषांचे असे. काही वर्षांनी बायकांचे येऊ लागले. मग ते विरळ झाले, जणू कण्हणारेच कमी उरले होते. राजाने ते सगळे ऐकले आणि मान ताठ ठेवली.

एका वर्षी राजकन्या मंजुघोषा प्रथमच वारपूजेला आली. तिच्यासाठी छोटी तलवार घडवली होती. ती हसत हसत चौथऱ्यावर चढली, दोन्ही हातांनी तलवार उचलली, आणि सगळा जीव एकवटून तिने बापाच्या दंडावर मारली.

चिलखताच्या आत एक लहान मूल रडले.

लोक टाळ्या पिटत होते. मंजुघोषा वर पाहून हसत होती. राजाला ते रडणे थांबेपर्यंत ऐकावे लागले, आणि ते लवकर थांबले नाही. त्याने उत्सव बंद करायला सांगितले आणि तो कुणाकडे न पाहता वाड्यात गेला. आतल्या दालनात कापडाने झाकलेला एक पिंजरा होता. त्याने कापड काढले, पिंजऱ्याचे दार उघडले आणि तो गुडघ्यांवर बसला.

तांबट बाहेर आला नाही. आतूनच म्हणाला, "इतकी वर्षे मी टुकटुक करीत होतो. तुला ऐकू येत होते."

"येत होते," राजा म्हणाला. "आत रडले ते कोण?"

"डोंगरातले मला इथेही ऐकू येते. ऐरणाई सोडली तर मोठी माणसे संपली, राजा. मरणाचा वार सोसला की डोंगरपोटा मरत नाही, दगड होतो. बाकी सगळे दगड झाले. रक्त एकच असते, म्हणून वार आता लेकरांवरही उतरतो. तिथे एकच लेकरू आहे."

राजाने विचारले, काय केले तर हे फिटेल.

"फिटणार नाही," तांबट म्हणाला. "पण थांबेल. तीन कामे आहेत. जिथे तुझी पूजा होते तिथे उभा राहून खरे सांग, आणि ते कुणाला तरी पटले पाहिजे. दगडांवरचा मंत्र जंभकाकडून सोडव, तो मागेल ते देऊन. आणि दार उघड, पण साजाच्या बळाने नाही. एकेका कामाला एकेक नग सुटेल. चिलखताचे मात्र मला ठाऊक नाही. ते ऐरणाई जाणे."

दुसऱ्या दिवशी राजाने लोकांना वारपूजेच्या चौथऱ्यापाशी बोलावले. त्याने सगळे सांगितले. शपथ सांगितली, मिरवणूक सांगितली, शाल सांगितली, कडा सांगितला. जे अंग देवाने घडवले असे तुम्ही गाता, त्याच्यासाठी दुसरे कुणी फाटत होते, असे सांगितले. टोप डोक्यावर असल्यामुळे सांगताना त्याला भीती वाटली नाही. फक्त लाज वाटत होती, आणि लाजेवर त्या टोपाचा काही इलाज नव्हता.

लोकांनी शांतपणे ऐकले. मग कुणीतरी म्हणाले, किती हा विनय. दुसरे म्हणाले, एवढा पराक्रम करून श्रेय बुटक्यांना देतो, धन्य राजा. आणि जयघोष सुरू झाला. राजा हात वर करून थांबा म्हणत राहिला, तसतसा जयघोष वाढत गेला. टोप जागचा हलला नाही.

तेव्हा गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. तिचे नाव कोंडाई. वेढ्याच्या लढाईत तिचा एकुलता एक मुलगा पडला होता. ती चौथऱ्याच्या पायथ्याशी उभी राहिली आणि लोक गप्प होईपर्यंत तिने वाट पाहिली.

"माझा लेक तुझ्या उजव्या हाताला होता," ती म्हणाली. "त्याला भाला लागला तेव्हा तू काय केलंस?"

राजाने हे सांगितले नव्हते. हे त्याने स्वतःलाही कधी सांगितले नव्हते.

"त्याने मला हाक मारली," राजा म्हणाला. "माझ्यामागे आडोसा मागत होता. मला शस्त्र लागणार नव्हते. मी दोन पावले मागे आलो असतो तर तो वाचला असता. पण पुढे शत्रूची छावणी दिसत होती. मी वळून पाहिले नाही."

कोंडाईने पदर तोंडाला लावला नाही, की शापही दिला नाही. ती म्हणाली, "मला सांगितलं होतं, राजा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. भाट गातात तसं." मग ती म्हणाली, "हे खरं आहे. मला पटलं."

टोपाची कडी वाजली. टोप राजाच्या डोक्यावरून सुटून चौथऱ्यावर पडला आणि घरंगळत तिच्या पायाशी गेला. इतक्या वर्षांनी राजाला भीती वाटली. समोरचा एकेक चेहरा त्याला दिसू लागला, आणि एकही चेहरा जयघोष करीत नव्हता. मंजुघोषा दाईला बिलगून उभी होती. तिच्याकडे पाहण्याचे त्याला धाडस झाले नाही.

त्याने डाव्या हाताने टोप उचलून झोळीत टाकला आणि त्याच वेळी तो नगरातून निघाला. निरोप द्यायला कुणी आले नाही. तांबट पुढे उडे, राजा मागे चाले. वाटेत रान लागले. रानात लांडग्यांची चाहूल येई तेव्हा राजा झाडाला पाठ लावून थरथरत उभा राही. अंगावर अजून चिलखत आहे हे ठाऊक असूनही तो थरथरे, आणि त्या थरथरण्याचीही त्याला लाज वाटे. तांबट फांदीवर बसून वाट पाही. त्याने राजाला कधी धीर दिला नाही.

रान संपल्यावर तळे लागले. तळ्याच्या मधोमध जंभकाचे घर होते. घरात भिंतींना लागून रांजण होते, आणि प्रत्येक रांजणातून गुणगुण ऐकू येत होती. जंभक नावे साठवी. ज्या नावाची लोकांनी फार स्तुती केली असेल, ते नाव त्याला गोड लागे.

राजाने खजिना देऊ केला. जंभक म्हणाला, सोने मी करू शकतो. राजाने अर्धे राज्य देऊ केले. जंभक म्हणाला, मला हे तळेच फार मोठे होते.

"नाव दे," तो म्हणाला. "बापाने ठेवलेले आणि लोकांनी दिलेले, दोन्ही. पुन्हा ते कुणाच्या ओठांवर येणार नाही. तुझ्याही नाही."

"नाव गेले तर माझ्या लेकीला मी कोण वाटेन?"

"ते मी विकत घेत नाही. त्यामुळे मला ठाऊक नाही."

राजा एका रिकाम्या रांजणावर वाकला आणि त्याने आपले नाव शेवटचे उच्चारले. जंभकाने झाकण लावले. त्या क्षणी नगरात शिलालेख कोरे झाले. भाट गाता गाता मध्येच थांबले आणि एकमेकांची तोंडे पाहू लागले. म्हणून या कथेतही त्याला नुसते राजा म्हणतात, दुसरे काही म्हणता येत नाही. राजकन्येचे मात्र काही अडले नाही. ती त्याला तात म्हणे, आणि ते तसेच राहिले.

राजाचा पंजा सैल पडला. घण खाली पडला. इतक्या वर्षांनी त्याने आपला उजवा तळहात पाहिला. तो पांढराफटक आणि सुरकुतलेला होता, एखाद्या म्हाताऱ्याच्या तळहातासारखा. जंभकाने मंत्र मागे घेतला आणि पुन्हा वर पाहिले नाही. राजाने घण उचलून झोळीत टाकला. तो साजाचा नग होता, तिथे ठेवून चालणार नव्हते.

काळ्या डोंगरावर पोहोचायला त्याला पुष्कळ चालावे लागले. दारापाशी दगडांचा ढीग होता तसाच होता. वर गवत उगवले होते. गुराख्यांनी त्यावर बसायला जागा केली होती. खाली कुणी आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

राजाने पहिल्या दगडाला हात लावला. कमरपट्ट्याच्या बळाने दगड सहज उचलला गेला, आणि त्याच वेळी आतून कुणीतरी धापा टाकल्याचा आवाज आला. राजाने दगड खाली ठेवला. शंभर जणांचे बळ कुठून येत होते ते त्याला कळले. त्याने पट्टा ओढून पाहिला, दगडावर घासून पाहिला. पट्टा सुटेना. मग तो काही न करता दगडाशेजारी बसून राहिला.

"हे बळ नको तर दुसरे शोध," तांबट म्हणाला.

"दुसरे माझ्यापाशी नाही."

"तुझ्यापाशी नाही, हे ठीक आहे. मागितलेस कुणाकडे?"

राजाने लोकांकडून घेतले खूप होते, मागितले कधी नव्हते. तो बसून राहिला. उन्हे चढली, उतरली. पुढे काही दिवसांनी खालच्या वाटेने माणसे येताना दिसली. काही जण खरे काय ते पाहायला आले होते, काही जण राजाची फजिती पाहायला. सर्वांत पुढे कोंडाई होती आणि तिचे बोट धरून मंजुघोषा चालत होती. राजाला वाटले, डोंगराने आपल्याला आत घ्यावे. पण तो उठला. त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. तळहात एकमेकांना टेकले ते त्याला जाणवले.

"हे दार मी बुजवले," तो म्हणाला. "मला एकट्याला उघडता येत नाही. मदत करा."

पट्ट्याचे कुलूप उघडले आणि पट्टा पायांत पडला. राजा आपल्या एकट्याच्या बळावर उरला, आणि ते फार थोडे होते.

कोंडाईने पदर खोचला. "तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "आत कुणाच्या तरी आया आहेत."

तिने एक दगड उचलला. तिच्यामागे दोघे आले, मग चौघे. काही जण नुसते बघत उभे राहिले आणि संध्याकाळी परत गेले. काही जण दुसऱ्या दिवशी पहारी घेऊन आले. दगड हातोहात डोंगराच्या कडेला गेले. राजाच्या तळहाताला फोड आले आणि फुटले. ते पाहून मंजुघोषा म्हणाली, तात, रक्त. राजाने ते रक्त पाहिले, आणि त्याला वाटले की कुणीतरी आपल्यावर उपकार केले. मग असे वाटल्याचीही त्याला लाज वाटली.

शेवटचा दगड निघाला तेव्हा आतून थंड हवा आली. राजा पुढे झाला, लोक मागे आले. आत मोठी भट्टी होती, विझलेली. भट्टीभोवती डोंगरपोटे उभे होते, बसले होते, आडवे पडले होते, आणि सगळे दगडाचे होते. कुणाच्या छातीला भेग होती, कुणाचा खांदा उकललेला होता. एका बाईच्या दगडी हातात अजून तान्ह्या मुलाचे दुपटे होते. लोकांनी ते पाहिले. वारपूजेला येणारे लोक होते ते. प्रत्येक भेग कोणत्या उंचीची, कोणत्या तलवारीची, हे त्यांना न सांगता कळत होते.

भट्टीजवळ ऐरणाई बसली होती. तिचा डावा हात निम्मा दगड झाला होता. तिच्या मांडीवर एक मुलगी होती, तिच्या दंडाला चिंधी बांधलेली. ती गारगोटी, ऐरणाईची लेक. गारगोटी पोटात असतानाच तिचा बाप दगड झाला होता.

राजाने टोप, पट्टा आणि घण तिच्यापुढे ठेवले आणि कपाळ जमिनीला टेकवले. त्याला क्षमा मागायची होती, पण तो शब्द तोंडातून निघेना. या घरात तो शब्द फार हलका वाटला.

ऐरणाई म्हणाली, "चिलखत उरले."

"ते कसे निघेल?"

"एकेक कडी म्हणजे एकेक वार. कडी उघडली की वार ज्याचा त्याच्याकडे जाईल. मी तुला मारत नाही, राजा. तुझे आहे ते तुला देते."

"उघड," राजा म्हणाला.

तिने उजव्या हाताने सांडशी उचलली आणि पहिली कडी उघडली. राजाच्या मांडीत एक जुना बाण रुतावा तशी जखम उमटली, आणि कोपऱ्यात एका दगडी म्हाताऱ्याने श्वास घेतला. दुसरी कडी उघडली. राजाचा खांदा फाटला, आणि एक बाई डोळे चोळत उठून बसली. एकेक लढाई अशी त्याच्या अंगावर परतली. तटावरची आग आली. हत्तीचा पाय आला. एका कडीबरोबर त्याचा डावा डोळा गेला. तो ओरडला. त्याला ओरडायचे नव्हते, पण दुखणे म्हणजे काय हे तो विसरला होता. मंजुघोषाने तोंड झाकून घेतले नाही. तिने सगळे पाहिले.

लढायांच्या कड्या संपल्या तेव्हा राजा भिंतीला टेकून पडला होता आणि त्याचा श्वास दोऱ्यासारखा झाला होता. चिलखताच्या अजून कितीतरी कड्या बंद होत्या.

ऐरणाईने सांडशी खाली ठेवली. "या वारपूजेच्या आहेत. याही घेतल्यास तर मरशील."

"माझ्यासाठी झाल्या त्या," राजा कसाबसा म्हणाला. "मी नको म्हणालो नाही. उघड."

तेव्हा मागून एक धिप्पाड सैनिक पुढे आला. गेल्या वर्षीचे सोन्याचे कडे त्याच्या मनगटात होते. त्याने ते काढले, कुठे ठेवावे ते न कळून हातातच धरले, आणि आपला खांदा ऐरणाईसमोर उघडा केला. "तो वार माझा आहे," तो म्हणाला. "मी धाव घेऊन मारला होता."

ऐरणाईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग कडी उघडली. सैनिक गुडघ्यांवर आला आणि त्याच्यासमोरचा एक दगडी तरुण खोकत खोकत जिवंत झाला. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. सैनिकाने आधी नजर खाली केली.

मग रांग लागली. पैलवान आले, व्यापाऱ्यांची पोरे आली, आता पोक्त झालेले दरबारी आले. काही जण मागच्या मागे डोंगर उतरून गेले. त्यांच्या कड्या राजाने घेतल्या, आणि त्यांची नावे घेतली नाहीत.

शेवटी एकच कडी उरली. मंजुघोषा पुढे आली आणि तिने बाही वर केली.

राजा उरलेल्या एका डोळ्याने तिच्याकडे पाहत होता. "ती कडी मला दे," तो म्हणाला. "ती मूल आहे. तिला ठाऊक नव्हते."

"माझीही मूलच आहे," ऐरणाई म्हणाली. "आणि हात तुझ्या लेकीने पुढे केला आहे. तो तू मागे घेऊ नकोस."

कडी उघडली. मंजुघोषाच्या दंडावर बोटभर लांब जखम उमटली आणि ती रडली, अगदी तशीच, जशी चिलखताच्या आतून कुणी रडले होते. गारगोटीने आपल्या दंडाची चिंधी सोडून पाहिली. खाली कातडी नितळ होती. मग तिने तीच चिंधी मंजुघोषाच्या दंडाला बांधली, घट्ट, आईने तिला बांधली होती तशी.

"खूप दुखलं होतं का?" मंजुघोषाने विचारले.

"हो," गारगोटी म्हणाली.

चिलखत राजाच्या अंगावरून गळून पडले. ऐरणाईचा दगडी हात ऊन होऊ लागला. भट्टीपाशी एक दणकट डोंगरपोटा उठून उभा राहिला आणि न ओळखणाऱ्या नजरेने गारगोटीकडे पाहू लागला. ऐरणाई उठून त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या कानात काही सांगितले. तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हात पसरले. गारगोटी लगेच गेली नाही. पण गेली.

अशा रीतीने शाप संपला. साज डोंगरपोट्यांचा होता, त्यांनी तो आत नेला. पुढे त्याचे काय झाले हे विचारण्याचा हक्क वरच्या लोकांना नव्हता, आणि कुणी विचारलेही नाही. दार मात्र पुन्हा बुजले नाही.

राजा वाचला. कित्येक महिने कोंडाईच्या घरी पडून होता, कारण ते वाटेत होते आणि पुढे वाड्यापर्यंत नेण्याइतका त्याच्यात जीव नव्हता. कोंडाई त्याच्या जखमांना हळद लावी आणि त्याच्याशी बोलत नसे. बरा झाल्यावर त्याने सांगितले की आता मी सिंहासनावर बसणार नाही, कुठेतरी दूर निघून जातो.

"दूर जाऊन कुणाला दिसणार?" कोंडाई म्हणाली. "बस तिथंच. सगळ्यांना दिसशील असा बस."

म्हणून तो बसला. लंगडत दरबारात येई, एका डोळ्याने न्याय करी, आणि त्याचा न्याय पूर्वीपेक्षा सावकाश होई. वारपूजेचा चौथरा लोकांनी स्वतःच मोडला. त्या राज्यातल्या कितीतरी माणसांच्या अंगावर एकेक व्रण होता आणि कुणी तो मिरवत नसे, पण झाकतही नसे. मंजुघोषा आणि गारगोटी मोठ्या झाल्या. मंजुघोषा डोंगरात जाऊन भट्टीचा भाता ओढायला शिकली, आणि ओढताना तिची बाही वर सरके.

डोंगरपोटे बाजाराला खाली येऊ लागले. ऐरणाईने राजाला क्षमा केली की नाही हे कुणाला कळले नाही. त्याने ती मागितली नाही आणि तिने तो विषय काढला नाही. बाजारात ती समोरून आली की राजा वाटेतून बाजूला होई आणि लाजेने मान खाली घाली. ती बुटकी होती, कमरेइतकी. मान खाली घातली की त्याची नजर नेमकी तिच्या नजरेला मिळे. ती तिथे थांबे, त्याच्याकडे पुरते पाहून घेई, आणि मग आपल्या वाटेने जाई.

त्या राज्यात राजाने प्रजेसमोर मान कशी धरावी, हे तेव्हापासून ठरून गेले.